जोडीच्या मापाची होडी

माणूस समोर आला की तोलदार आधी त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. त्याच्या पायांकडे पाहत. कोणत्या पायावर भार देऊन तो उभा आहे, पोट पुढे आहे की पाठ मागे झुकलेली आहे, पिशवी कोणत्या खांद्यावर आहे, एवढे पाहून झाले की मग रामराम. जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. त्या टेबलापुढे ते प्रथम उभे राहिले, तेव्हा माझ्या नावाच्या पाटीकडे किंवा टेबलावरच्या कायद्याच्या पुस्तकांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. म्हणाले, "मुनशी, तुमी डाव्या अंगावर बसता. होडीत बसलात तर पयल्या झटक्याला पाण्यात जाल."

ज्याच्या हातच्या मसुद्याला तालुक्यात मान आहे, त्याच्याशी असे बोलण्याची रीत नाही. परंतु ते गेल्यावर मी उठून पाहिले. खुर्चीवरची गादी डाव्या बाजूला खरोखरच दबलेली होती.

त्यांचे खरे नाव मी परवान्यांच्या अर्जांवर अनेकदा लिहिले आहे, पण ते फक्त कागदापुरते. येलदरी धरणाच्या पाण्याकाठी भोयांची जी वाडी आहे, तिच्यात आणि आसपासच्या गावांत ते तोलदारच होते. मासेमारीच्या होड्या करणे हा त्यांचा धंदा, आणि होडीचा व माणसाचा तोल ओळखणे हे त्यांचे वेड. मागील महिन्यात पूर्णेहून त्यांच्या लेकीचा फोन आला की बाबा गेले. वाडीतल्या घराच्या वारसनोंदीचा अर्ज मीच लिहिला. त्यात मयताचे नाव, वय आणि गाव एवढेच बसते. उरलेला माणूस मी येथे लिहीत आहे.

तोलदारांचा स्वभाव गरीब नव्हता. आपल्यासारखा कारागीर नांदेडपर्यंत नाही, असे ते स्वतःच सांगत आणि दुसऱ्याच्या होडीला "घमेलं" म्हणत. परवान्याच्या अर्जात होडीची लांबी आणि रुंदी विचारतात, याचा त्यांना फार राग येई. एकदा त्या रागात त्यांनी माझे चष्म्याचे घर उचलले, शेजारच्या हॉटेलातली बशी उचलली आणि दोन्ही वस्तू हॉटेलवाल्याच्या पाण्याच्या बादलीत सोडल्या.

"हे बघा, मुनशी. हे चष्म्याचं घर चिंचोळं हाय. बोटानं ढकललं की पळतंय, पण जरा कलंडलं की कूस बदलतंय. ही बशी रुंद हाय. पळणार न्हाई, पण वर बसलेल्याला झोपू दील. ह्या दोघांच्या मधी कुठंतरी होडी असती. ती जागा हुडकायला माझी जिंदगी गेली, अन् तुमचा कागद मला रुंदी विचारायलाय!"

"तोलदार, ती बादली कप धुवायची हाय, येलदरीचं धरण न्हाई!" हॉटेलवाला आतून ओरडला.

"म्हणूनच तुझ्या चहाला माशाचा वास येत न्हाई," तोलदार म्हणाले आणि चष्म्याचे ओले घर त्यांनी माझ्या हाती दिले.

त्यांचे वडील निजामाच्या अमलात जहागीरदारांसाठी शिकारीच्या होड्या करीत. ती होडी लांब, निमुळती आणि पाण्याला चिकटून चालणारी असे. शिकाऱ्याने तिच्यात पालथे पडायचे, हातानेच हळूहळू पाणी मागे सारायचे आणि बदकांच्या थव्यात शिरायचे. पाण्यावर सुरकुतीही उमटत नसे. पाखरांची शिकार आता कायद्याने बंद आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "कायद्याचं राहू द्या. त्या होडीत दुसरं माणूस बसत न्हाई, मुनशी. एकट्याची होडी ती. मी तिला होडीच म्हणत न्हाई." तरी वडिलांची एक गोष्ट त्यांनी घेतली होती. त्यांच्या होडीचे पुढचे टोक, ज्याला ते नाळ म्हणत, शिकारी होडीसारखे निमुळते असे. त्यामुळे वल्हे मारणाऱ्याचे श्रम वाचत. मधले पोट मात्र रुंद, म्हणजे ओले जाळे आणि मासे यांचा भार पडला तरी ती डगमगू नये. "फुडून शिकारी, मधून लेकुरवाळी," असे ते आपल्या होडीचे वर्णन करीत.

आमच्या पाण्यावर मासेमारी जोडीने होते. बायको पुढे बसून वल्हे मारते, नवरा मागे बसून जाळे सोडतो. म्हणून तोलदार होडीचे माप टेपाने घेत नसत. जोडप्याला फळीवर बसवत. त्यांच्या अंगणात बाभळीखाली एक गोल ओंडका अर्धा पुरलेला होता आणि त्यावर आडवी टाकायला सागवानाची लांब फळी होती. एका टोकाला जाळे घेऊन नवरा बसे, दुसऱ्या टोकाला वल्हे घेऊन बायको. फळी दोन्हीकडे सारखी ठरेपर्यंत तोलदार ती ओंडक्यावर मागेपुढे सरकवत, आणि ठरली की कोळशाने खूण करत. त्या खुणेवरून होडीतल्या दोन बैठकींची जागा निघे. उसाच्या तोडीला जाणारे नवराबायको मिळून मुकादमाच्या हिशेबात जसा एक कोयता धरतात, तसे तोलदारांच्या अंगणात नवराबायको मिळून एक वजन धरले जाई.

फळीवर बसणे हा वाडीचा करमणुकीचा कार्यक्रम होता. नव्या नवऱ्याचे टोक वर गेले आणि नवरीचे खाली बसले की बायका पदर तोंडाला लावून हसत. असाच एक पोरगा लाजून उतरू लागला, तेव्हा तोलदार खेकसले, "बस गपचिप! वर गेलास तर गेलास. तुला खालून धरणारं कुणीतरी मिळालंय, त्याची फिकीर करायलास व्हय?" दुसऱ्या एकाने भावाची होडी मागून नेली आणि तो पाण्यात पडला. ओला होऊन तो तक्रार घेऊन आला. तोलदारांनी त्याला लागले का, हेही विचारले नाही. म्हणाले, "भावजयीच्या मापाची होडी हाय ती. तू तिच्या जागंवर तुझी बायकू बसवलीस. होडीला काय कळंना व्हय?"

त्यांच्या स्वतःच्या जोडीचे दुसरे टोक म्हणजे गयावहिनी. अंगाने भरलेल्या, आवाजाने मोठ्या, आणि तोलदारांची सगळ्या वाडीसमोर चेष्टा करण्याचा अधिकार असलेल्या एकट्या. "ह्यांचा तोल पाण्यावरच, मुनशीभाऊ. घरात आले की हांड्याला पाय लागतोय," असे त्या म्हणत आणि तोलदार ऐकू न आल्यासारखे करत. रविवारी मी वाडीवर जाई, तेव्हा मासा वाढताना विचारत, "काटे काढून देऊ का? तुमच्या कायद्यात काटे असत्यात का न्हाई?" सकाळी ती दोघे होडीतून परत येत, तेव्हा मी काठावर उभा असे. वहिनी पुढे बसून काठावरच्या बायकांशी ओरडून बोलत आहेत, तोलदार मागे गप्प बसले आहेत, आणि त्यांच्या मधे होडी अशी सपाट चालली आहे की तिच्या काठावर भरलेला पेला ठेवावा. तशी होडी त्यांनी दुसऱ्या कोणासाठी केली असेल, असे मला वाटत नाही.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर तोलदार माझ्या टेबलाशी आले आणि बसण्याआधीच म्हणाले, "नाळ वर आलीय."

होडीचे पुढचे टोक पाण्यातून नेहमीपेक्षा वर उचलले जात होते. फार नाही, दुसऱ्याला दिसलेही नसते. त्याचा अर्थ त्यांनी चटकन लावला. मागच्या बाजूचे लाकूड कुठेतरी पाणी प्यायले आहे, म्हणून मागचा भार वाढला आहे आणि पुढचे टोक उचलले जात आहे. आपल्या हातच्या होडीने पाणी प्यावे, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी होडी काठावर ओढली, पालथी घातली, बुडाचे सगळे डांबर खरवडून काढले, मागची एक फळी बदलली आणि पुन्हा डांबर दिले. होडी पाण्यात सोडली. नाळ वरच.

त्यांनी ती पुन्हा काढली. सारा हिवाळा ती होडी अंगणात पालथी पडलेली होती आणि तोलदार तिच्या पोटावर कान ठेवून हातोडीने ठोकून पाहत होते. वहिनी चुलीवर डांबर पातळ करून आणून देत. मी जेवायला बसलो असता त्यांनी आपले ताट बाजूला सारले आणि म्हणाल्या, "जेवण जाईना बघा, भाऊ. घास तोंडात फिरतोय नुसता."

"डांबराचा वास हाय त्यो," तोलदार होडीमागून म्हणाले. "होडी एकदा पाण्यात जाऊ दे, मग खाशील."

मलाही ते पटले. सगळ्या अंगणाला डांबराचाच वास होता.

शिमग्याच्या सुमारास तोलदारांनी शेवटचा उपाय काढला. दोघांचे माप फळीवर पुन्हा घ्यायचे. ते जुन्या खुणेवरच ठरेल, म्हणजे दोष लाकडाचा हे सिद्ध होईल. सिद्ध करण्यासाठी त्यांना साक्षीदार हवा होता, म्हणून मला मुद्दाम बोलावले होते. त्यांनी फळी जुन्या कोळशाच्या खुणेवर बरोबर ठेवली. जाळे मांडीवर घेऊन ते एका टोकाला बसले. वहिनी वल्हे घेऊन दुसऱ्या टोकाला बसल्या.

तोलदारांचे टोक धपकन जमिनीला टेकले. वहिनींचे वर गेले. त्यांचे पाय जमिनीपासून सुटले आणि लोंबू लागले. वल्हे धरलेला हात वर झाला तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "अगं बाई! अवो, मी तर पाळण्यात बसल्यावानी झाले की!"

तोलदार हसले नाहीत. ते वहिनींच्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहत होते. मग त्या कोपरापर्यंत गेलेल्या बांगड्यांकडे. मग पुन्हा पायांकडे. शेवटी मी म्हणालो, "तोलदार, उतरा आता."

"मी उठलो तर ती आपटंल," ते म्हणाले. "मुनशी, आधी तिला धरा."

मी वहिनींना दंडाला धरले. माझ्या बोटांना हाड लागले. मग ते उठले.

परभणीच्या दवाखान्यात मी बरोबर गेलो होतो, कारण कागदपत्रांचे काम मला कळते. त्या दिवशी कागदांत करण्यासारखे काही नव्हते. रोग पोटात होता आणि पोटातून पुढे गेला होता. डॉक्टर भले गृहस्थ होते. हळू आवाजात म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. जरा आधी आणायला हवे होते. ते शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले असेल. तोलदार ते ऐकून बाहेर आले आणि पायरीवर बसले.

"ती माझ्या म्होरं बसून वल्हं मारायली होती, मुनशी. रोज. मी तिच्या पाठीवरून नाळ बघायलो. पाठ न्हाई बघितली. लाकूड तपासत बसलो."

तुमचा यात दोष नाही, असे मी माझ्या परीने नीट शब्दांत सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमी लिवाल झक्कास. पर मंजूर करणारं कुणी न्हाई."

लेक सुमन पूर्णेहून आली. तिचा नवरा रेल्वेत आहे. आईला तिकडे नेऊन डोळ्यांसमोर ठेवावे, असे तिच्या मनात होते. वहिनी म्हणाल्या, "येईन की. पर आधी एकदा पाण्यावर जाऊ द्या मला. बसायला जमना तर निजून जाईन."

"आई, तुला अंगणात बसवत न्हाई, अन् पाण्यावर कशी जातीस?" सुमन रडू लागली. "बाबा, तुमी तरी सांगा तिला."

तोलदार उठून बाहेर गेले. दोघांच्या बसण्यावर तोललेल्या त्या जोडीच्या होडीत झोपलेले माणूस नेता येत नव्हते. कूस बदलताच ती कलंडली असती. नवी होडी हवी होती, आणि नव्या लाकडाला वाळायला उन्हाळा लागतो. वहिनींकडे उन्हाळा नव्हता. थोड्या वेळाने हातोडीचे घाव ऐकू आले, म्हणून मी बाहेर येऊन पाहिले. तोलदार आपली जोडीची होडी फोडत होते. "वाळलेलं लाकूड हेच हाय," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

त्या लाकडातून, आणि मिळतील त्या जुन्या फळ्या जोडून, त्यांनी एक बसकी, रुंद होडी केली. नाळ नाही, पाणी कापणारे काहीच नाही. तळाशी ओळीने दगड, म्हणजे भार खाली राहावा. काठ उंच, म्हणजे थेंबही आत येऊ नये. रोज सकाळी ते आधी घरात जाऊन वहिनींच्या अंथरुणाशी उभे राहत, श्वास चालू आहे हे पाहत, आणि मग हातोडी उचलत. जन्मभर ज्या प्रकारच्या होडीला त्यांनी घमेले म्हटले, तीच ते आता करत होते. वाडीतला एक वात्रट गडी येऊन म्हणाला, "तोलदार, ही होडी हाय का बाज?"

"बाजच हाय," तोलदार म्हणाले. ते भांडले नाहीत, हे पाहून तो गडी खाली मान घालून निघून गेला.

पुढचे मी आधीच सांगून टाकतो, कारण ते मला शेवटी ठेवायचे नाही. वहिनी पूर्णेला गेल्या नाहीत. तेवढा अवधी मिळाला नाही. तोलदार एकटे गेले. लेकीच्या दारातल्या ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ऐकत. मी भेटायला गेलो की "मुनशी आले का," एवढे म्हणत. होडीचे नाव त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही. मला लिहायचा आहे तो त्या रुंद होडीचा एकच फेरा.

सकाळची वेळ होती, वारा नव्हता. तोलदारांनी वहिनींना वाकळेसह उचलून आणले आणि होडीत निजवले. मग मला म्हणाले, "मुनशी, चला. मधी बसा. वजन लागतंय." मी पाण्याला भिणारा माणूस; पण त्या दिवशी नाही म्हणण्याची सोय नव्हती. सुमन काठावर राहिली. होडी इतकी स्थिर होती की आपण पाण्यावर आहोत हेच कळत नव्हते. तोलदार उभे राहून वल्हे मारत होते आणि ते जड धूड मोठ्या कष्टाने पुढे सरकत होते.

वहिनी आभाळाकडे पाहत होत्या. काठ दूर राहिल्यावर त्यांनी वाकळेतून हात बाहेर काढला आणि होडीच्या कडेवरून खाली सोडला. बोटे लाकडाशी चाचपत राहिली. त्यांनी खांदा थोडा उचलला, पुन्हा प्रयत्न केला, आणि हात तसाच लाकडावर ठेवून दिला.

"अवो," त्या म्हणाल्या, "काठ लय उंच केला की. पाण्याला हात लागना."

तोलदारांचे वल्हे थांबले. ते बायकोच्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी वल्हे खाली ठेवले, तळातला एक दगड उचलला आणि वहिनींच्या अंगाला नेऊन ठेवला. मग दुसरा. "मुनशी, इकडं सरका. तिच्या बाजूला."

"तोलदार, उलटेल."

"सरका म्हणतो ना."

मी सरकलो. त्यांनी एक गुडघा वहिनींच्या पाठीशी टेकवून त्यांना आधार दिला आणि आपला सगळा भार त्या कडेवर टाकला. होडी कलंडायला तयार नव्हती. इतकी चांगली केली होती त्यांनी. ते आणखी वाकले. कड हळूहळू खाली गेली, आणि पाणी वहिनींच्या तळहाताला लागले.

"थंड हाय," त्या म्हणाल्या. बोटे पाण्यात मागेपुढे हलू लागली, वल्हे मारावे तशी. कडेवरून पाण्याची एक पातळ धार आत आली आणि वाकळेचा कोपरा भिजला.

"पाणी आत येत आहे," मी म्हणालो.

"येऊ द्या," तोलदार म्हणाले.

परत फिरलो तेव्हा माझ्या रुमालाने मी वहिनींचा हात पुसू लागलो. त्यांनी तो मागे घेतला. "राहू द्या, भाऊ. वाळंल आपोआप." काठावरून सुमन हाका मारत होती. काठ जवळ येऊ लागला तसे तोलदारांचे वल्हे मंद झाले, आणि मग थांबले. तो ओला हात वाकळेवर उघडा पडला होता. तोलदार त्याच्याशेजारी खाली बसले, आणि त्यांनी होडी पाण्यावर तशीच सोडून दिली.